पार्टी एक, खाती पाच

मे. जाधव ट्रेडर्स. जाधव ट्रेडर्स (जुने). जाधव ट्रेडर्स – वापरू नये. जाधव अण्णा कागल. जे. टी. कागल, नवीन नंबर.

नाव उदाहरणादाखल घेतलंय, पण अशी यादी महाराष्ट्रातल्या कुठल्याही मध्यम व्यापाऱ्याच्या संगणकात सापडेल. पाचही नोंदी एकाच पार्टीच्या. पहिली, जुलै २०१७मध्ये जीएसटी आला तेव्हा नवीन क्रमांक टाकून उघडलेली. दुसरी त्याआधीची, ‘राहू दे, लागेल कधीतरी’ म्हणून ठेवलेली. तिसरी, टॅली ऑपरेटर बदलला त्या महिन्यातली. चौथी सेल्समनच्या मोबाइलमधली आणि पाचवी मालकांच्या. गंमत म्हणजे धंदा या पाचांवर बिनबोभाट चालतो. कोणतं खातं कधी उघडायचं, हे दुकानातल्या प्रत्येकाला तोंडपाठ असतं.

अडतं ते ग्राहक व्यवस्थापनाचं नवं सॉफ्टवेअर घेतल्यावर. बाजारात त्याला सगळे सीआरएम म्हणतात. विक्रेता रंगीत डेमो दाखवतो, करार होतो, पहिला हप्ता जातो आणि मग ईमेलवर एक एक्सेल फाइल येते : ‘यात तुमचे ग्राहक भरून पाठवा.’ मालक ती फाइल ऑफिसातल्या ‘कॉम्प्युटरवाल्या’ मुलाकडे सरकवतात. गोची इथेच होते. त्या फाइलमधले प्रश्न दिसतात संगणकाचे, पण असतात धंद्याचे. जाधवांचं खरं खातं कोणतं, हे त्या मुलाला ठाऊक नसतं आणि सॉफ्टवेअरला तर मुळीच नसतं.

येणं कळतं, माणूस कळत नाही

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात पंप आणि मोटारी विकणारी एक पेढी डोळ्यांसमोर आणू. कागल-गडहिंग्लजचे डीलर, सहकारी पाणीपुरवठा संस्था, साखर कारखाने, निपाणी आणि गोव्यातले दुकानदार, शिवाय थेट काउंटरवर येणारे शेतकरी, असे तिचे ग्राहक. हिशेब अर्थातच टॅलीत. १९८६ साली बंगळुरूत गोयंका पितापुत्रांनी सुरू केलेली टॅली आज छोट्या व्यापाऱ्याच्या टेबलावर जुन्या खतावणीच्या जागी बसली आहे, आणि तिचा स्वभावही खतावणीचाच आहे. ‘संड्री डेटर्स’खाली एक नाव, त्याच्यापुढे एक रक्कम. कोणाकडून किती येणं आहे, हे ती पैशापैशानं सांगते.

पण साखर कारखान्याच्या खात्यामागे माणसं किती असतात? पंप कोणता घ्यायचा हे चीफ इंजिनिअर ठरवतात. दर खरेदी विभाग पाडतो. चेक अकाउंट्समधून निघतो. टॅलीत यातलं एकही नाव नसतं. असलाच तर एक मोबाइल क्रमांक असतो, तोही बहुधा दोन वर्षांपूर्वी निवृत्त झालेल्या स्टोअरकीपरचा.

सीआरएमची मांडणी वेगळी असते. सीबेल १९९३मध्ये निघाली, सेल्सफोर्स १९९९मध्ये, चेन्नईकरांचं झोहो सीआरएम २००५मध्ये आलं. रूप बदलत गेलं तरी सांगाडा साधारण तोच राहिला : संस्था वेगळी, तिथली माणसं वेगळी आणि चालू सौदे वेगळे. टॅलीतल्या एका ओळीची इथे एक संस्था, तीन माणसं आणि दोन अर्धवट कोटेशनं होतात. संस्था सोडून बाकीचे पाच तपशील टॅलीतून काढता येत नाहीत, कारण ते तिथे कधी गेलेच नव्हते. ते सेल्समनच्या डोक्यात, त्याच्या फोनमध्ये आणि व्हॉट्सअ‍ॅपच्या गप्पांत असतात.

आणि सेल्समन ते सहजासहजी देत नाही. का द्यावं? पंधरा वर्षं मोटारसायकलवरून तालुके पालथे घालून जमवलेले नंबर हीच त्याची पुंजी. एकदा ते कंपनीच्या सॉफ्टवेअरमध्ये गेले की आपली गरज संपली, ही त्याची भीती अगदीच निराधार नसते. म्हणून तो नंबर देतो, पण ऑफिसचे लँडलाइन देतो. नावं देतो, पण ‘साहेब’, ‘अण्णा’, ‘पाटील सर’ अशी. त्यात सीआरएममध्ये प्रत्येक ग्राहकापुढे ‘हा कोणाचा’ असा एक रकाना असतो. साखर कारखाना आणला जुन्या सेल्समननं, गेली तीन वर्षं सांभाळतोय नवा. कोणाचं नाव लिहायचं? कमिशन त्यावर ठरणार असतं, त्यामुळे सगळ्या फाइलमध्ये या एका रकान्यावर सर्वाधिक आवाज चढतात. तो वाद फाइल भरण्याआधी मालकांनी मिटवला नाही, तर अर्धवट माहितीचा डोंगर नव्या घरात जातो.

वाघ आणि वाघ

दुबार नोंदी शोधण्याचं शास्त्र संगणकापेक्षा जुनं आहे. आवाजानं सारखी, पण स्पेलिंगनं वेगळी आडनावं एकत्र आणण्याची ‘साउंडेक्स’ पद्धत अमेरिकेत रॉबर्ट रसेल यांनी १९१८मध्ये पेटंट करून घेतली. पुढे तिथल्या जनगणनेच्या नोंदींची सूची करायला ती वापरली गेली. नावाचं पहिलं अक्षर जसंच्या तसं ठेवायचं, स्वर गाळायचे आणि उरलेल्या व्यंजनांना गटवार आकडे द्यायचे, इतकी ती सोपी आहे. अनेक सॉफ्टवेअरमध्ये तिची भावंडं आजही काम करतात.

मराठी आडनावांवर ती चालवून पाहिली की तिची मर्यादा लगेच कळते. चौगुले इंग्रजीत ‘ओ-यू’नं लिहा की ‘ए-यू’नं, दोन्हींचा संकेत एकच येतो. पण वाघ कोणी डब्ल्यूनं लिहितं, कोणी व्हीनं. पहिलंच अक्षर वेगळं, म्हणून साउंडेक्सच्या लेखी हे दोन वाघ कधीच भेटत नाहीत. जाधव पश्चिम महाराष्ट्रात व्हीनं संपतात, विदर्भात बरेचदा ओनं. तिथेही ताटातूट. उलट ‘श्री गणेश एंटरप्रायझेस’ नावाच्या वेगवेगळ्या गावांतल्या, एकमेकांशी काडीचा संबंध नसलेल्या पेढ्या यंत्राला जुळ्या वाटतात.

नावावर भरवसा नाही, तर आकड्यावर ठेवावा. त्यासाठी आपल्याकडे जीएसटी क्रमांक आहे. त्याची पंधरा अक्षरं सुटी करून वाचायला शिकलं की निम्मी साफसफाई तिथेच होते. पहिले दोन अंक राज्याचे : महाराष्ट्र २७, कर्नाटक २९, गोवा ३०. पुढची दहा अक्षरं म्हणजे पॅन. पॅनमधलं चौथं अक्षर धारक व्यक्ती आहे, भागीदारी पेढी आहे की कंपनी, ते सांगतं. तेरावं अक्षर त्याच पॅनवर त्या राज्यात कितवी नोंदणी आहे ते दाखवतं. पंधरावं पडताळणीचं, आधीच्या चौदांवरून गणितानं काढलेलं. शून्याच्या जागी ‘ओ’ पडला की हे गणित चुकतं आणि चूक एका सूत्रानं पकडता येते. निपाणीच्या दुकानदाराचा क्रमांक २७नं सुरू होत असेल, तर त्याचं एखादं दुकान महाराष्ट्रातही आहे किंवा आपण दुसऱ्याच कोणाचा क्रमांक त्याच्या माथी मारलाय. दोन्ही शक्यता तपासायलाच हव्यात, कारण एका चुकीनं आयजीएसटीच्या जागी सीजीएसटी-एसजीएसटी लागतो. जीएसटीच्या संकेतस्थळावर क्रमांक टाकला की कायदेशीर नाव, दुकानाचं नाव आणि नोंदणी चालू आहे की रद्द झाली, हे कोणालाही बघता येतं.

तरीही शेवटचा निर्णय यंत्रावर सोडू नये. एकल मालकीत धंद्याचा पॅन आणि मालकाचा पॅन एकच. त्यामुळे एका क्रमांकाखाली दोन दुकानं असू शकतात, एकावर वडील आणि दुसऱ्यावर मुलगा. पत्ते वेगळे, उधारीची मुदत वेगळी. त्याच्या उलट प्रकार भाऊ वेगळे झाले की घडतो. पेढी फुटते, पाटीवर नाव दोघंही तेच ठेवतात, क्रमांक मात्र वेगळे होतात. अशा दोन खात्यांना ‘दुबार’ समजून एकत्र केलं, तर थोरल्याची थकबाकी धाकट्याच्या नावावर जाते आणि वसुलीचा फोन नको त्या घरी लागतो. दुबार नोंद राहिली तर त्रास होतो. चुकीची जोडणी झाली तर भांडण होतं, शिवाय जोडलेलं पुन्हा सोडवणं फार जिकिरीचं. म्हणून शंका असेल तिथे दोन्ही नोंदी ठेवाव्यात आणि जोडणीचा निकाल ज्याला तो बाजार ठाऊक आहे, त्यानं द्यावा.

शेतकरी ग्राहकाकडे जीएसटी क्रमांक नसतो. तिथे मोबाइल हीच ओळख, आणि ती ओळख कच्ची आहे. एका घरात एक फोन तिघं वापरतात. बंद पडलेला क्रमांक किमान ९० दिवसांनंतर कंपनी दुसऱ्याला देऊ शकते. सहा वर्षांपूर्वीच्या बिलावरचा नंबर आज सोलापूरच्या एखाद्या कॉलेजकुमाराचा असेल, आणि त्याला सबमर्सिबल पंपाच्या सर्व्हिसिंगचे मेसेज जात राहतील.

पत्त्याची भानगड

एकाच नावाची गावं, प्रत्येकाचं वेगळं स्पेलिंग आणि देशभरच्या वेगवेगळ्या लिप्या, हा प्रश्न एका मराठी माणसानं अर्ध्या शतकापूर्वीच सोडवून ठेवलाय. डाक-तार खात्यातले अधिकारी आणि संस्कृतचे विद्वान कवी श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी आखलेली पिन कोड पद्धत १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाली. पहिला अंक विभागाचा. चार असेल तर महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश किंवा छत्तीसगड. पहिले तीन अंक मिळून टपालाची वर्गवारी करणारा जिल्हा : मुंबई ४००, गोवा ४०३, पुणे ४११, कोल्हापूर-सांगलीकडे ४१६. ‘वडगाव’ एवढंच लिहिलं तर पेठ वडगाव की वडगाव मावळ, हे देवाला माहीत. पिन असला की उत्तर मिळतं. म्हणून पत्ते साफ करताना आधी पिन दुरुस्त करावा आणि गाव, तालुका, जिल्हा त्यावरून लावावेत. बुद्रुक-खुर्दचे ‘बु.’ आणि ‘खु.’ टॅलीच्या चिमुकल्या रकान्यातून आधीच गळून पडलेले असतात.

जिल्ह्यांचं प्रकरण वेगळंच आहे. १ ऑगस्ट २०१४ला ठाण्यातून पालघर वेगळा झाला, पण वसई-बोईसरच्या जुन्या खात्यांवर अजून ‘जि. ठाणे’ आहे. औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर आणि उस्मानाबादचं धाराशिव २०२३मध्ये झालं, तर अहमदनगरचं अहिल्यानगर २०२४मध्ये. नव्या सॉफ्टवेअरमध्ये जिल्हा यादीतून निवडायचा असतो, त्यामुळे यादीत नसलेलं नाव एकतर नाकारलं जातं किंवा रकाना कोरा राहतो. आपली यादी एकदा ठरवून जुनी नावं नव्या नावांना जोडणारा तक्ता केला नाही, तर विक्रीच्या अहवालात एकच जिल्हा दोनदा येईल आणि मराठवाड्यातली विक्री घटली म्हणून एखाद्या बिचाऱ्या सेल्समनला बोलणी बसतील.

एक्सेलची अतिहुशारी

टॅलीतून निघालेला आणि सीआरएममध्ये जाणारा माल वाटेत एक्सेलच्या धर्मशाळेत मुक्काम करतो. तिथेच त्याचा खिसा कापला जातो. कोल्हापूरचा एसटीडी कोड ०२३१. एक्सेल त्याला संख्या समजतं आणि पुढचं शून्य खाऊन टाकतं. मोबाइलच्या आधी ९१ लावलं की आकडा बारा अंकी होतो आणि एक्सेल तो ‘९.१९... ई+११’ अशा वैज्ञानिक थाटात दाखवतं. तशीच फाइल सीएसव्ही म्हणून जतन केली की शेवटचे अंक कायमचे जातात. पंधराहून अधिक अंकांच्या संख्येत पंधराव्यानंतरचा प्रत्येक अंक शून्य होतो, त्यात बँक खात्याचे लांबलचक क्रमांक सापडतात. उपाय सोपा आहे, फक्त तो आधी करावा लागतो : फाइल उघडण्यापूर्वी हे रकाने ‘टेक्स्ट’ ठरवायचे.

तारखांची चूक जास्त लबाड. आपण ०४/०५/२०२४ लिहितो ते चार मे. अमेरिकी पद्धतीवर बसवलेलं सॉफ्टवेअर ते पाच एप्रिल वाचतं. तेरा तारखेपासून पुढच्या तारखा ते नाकारतं, कारण तेरावा महिना नसतो. त्या चुका लगेच दिसतात. बारा तारखेपर्यंतच्या मात्र गुपचूप उलटून आत जातात, आणि वॉरंटी संपल्याचा मेसेज भलत्याच महिन्यात जातो.

या हुशारीपुढे शास्त्रज्ञांनीही हात टेकले. मानवी जनुकांची काही नावं ‘मार्च-१’, ‘सेप्ट-१’ अशा घाटाची होती आणि एक्सेल त्यांच्या तारखा करत असे. शेवटी २०२०मध्ये जनुकांची नावं ठरवणाऱ्या समितीनं ती नावंच बदलली. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये मोठा घोळ झाला. कोविडच्या चाचण्यांचे निकाल जुन्या एक्सेल प्रकारच्या फाइलींतून फिरवले जात होते. त्या प्रकारात ६५,५३६ ओळींपुढे जागाच नसते, आणि उरलेल्या ओळी गळून पडल्या. २५ सप्टेंबर ते २ ऑक्टोबरदरम्यानचे १५,८४१ बाधित दैनंदिन आकड्यांतून सुटले आणि त्यांच्या संपर्कातल्या लोकांचा शोध रखडला. इतक्या ओळी गेल्या तरी फाइल व्यवस्थित उघडत होती. म्हणून प्रत्येक मुक्कामानंतर ओळी मोजाव्यात.

अक्षर दिसतं एक, असतं दुसरं

मराठीत माहिती ठेवणाऱ्या संस्थांपुढे आणखी एक अडथळा असतो. पतसंस्था, पाणीपुरवठा संस्था, प्रकाशक यांच्या जुन्या याद्या श्री-लिपी किंवा सी-डॅकच्या आयएसएमच्या फाँटमध्ये टाइप केलेल्या असतात. पुण्यानं घडवलेल्या या दोन साधनांनी मराठी कार्यालयं संगणकावर आणली. पण त्या जुन्या फाइलींत मराठी अक्षर साठवलेलंच नसतं. साठवलेली असतात इंग्रजी चिन्हं आणि फाँट त्यांना मराठी रूप देतो. सीआरएममध्ये तो फाँट नाही, त्यामुळे ‘सौ. कुलकर्णी’ म्हणून गेलेली नोंद आत पोचते ती कंस, डॉलर आणि उद्गारचिन्हांच्या रांगेच्या रूपात. अशा याद्या आधी युनिकोडमध्ये बदलून घ्याव्या लागतात आणि मग जोडाक्षरं डोळ्यांनी तपासावी लागतात.

युनिकोडमध्ये आल्यावरही सगळं सुरळीत होत नाही. वकिलांच्या नावाआधीचं ‘ॲड.’ एक अक्षर म्हणून टाइप होतं आणि ‘अ’वर चंद्र देऊनही होतं. ‘कऱ्हाड’मधला अर्धा र दोन वेगवेगळ्या तऱ्हांनी साठवता येतो. डोळ्याला फरक दिसत नाही. शोधयंत्राला दिसतो आणि ते सांगतं, ‘असा ग्राहक नाही.’ कोणत्या पद्धतीनं लिहायचं हे एकदा ठरवून सगळ्या यादीत ‘शोधा आणि बदला’ चालवणं, एवढाच त्यावर इलाज.

काय नेऊ नये

मालकांना वाटतं, सगळंच न्यावं. जागा मुबलक आहे, जाईना का. पण सात वर्षांत एकदाही न फिरकलेला ग्राहक यादीत राहिला की अहवाल खोटे होतात. पाच हजार पार्ट्या म्हणून आपण खूश असतो आणि जिवंत असतात बाराशे. जुनी बिलं टाकून द्या, असं इथे कोणी म्हणत नाही. जीएसटी कायद्यानुसार हिशेबाची कागदपत्रं वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने सांभाळावी लागतात. ती टॅलीत राहू द्यावीत. सीआरएमचं काम उद्याच्या विक्रीचं आहे, कालच्या पुराव्याचं नाही.

दुसरी छाननी कायद्याच्या नजरेनं करावी. २०२३च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यानं व्यक्तीला आपली कोणती माहिती कोणाकडे आहे हे विचारण्याचा, ती दुरुस्त करून घेण्याचा आणि पुसून टाकायला सांगण्याचा हक्क दिला. माहितीच्या सुरक्षेत हयगय झाली तर दंड २५० कोटी रुपयांपर्यंत जाऊ शकतो. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेले आधार कार्डांचे फोटो, कधीकाळी उधारीसाठी घेतलेल्या बँक पासबुकांच्या प्रती, कोणाच्या तरी ओळखीनं मिळालेली डॉक्टरांची यादी, यातलं काय हवं आणि काय उगाच बाळगलंय, हे ठरवायला सॉफ्टवेअर बदलण्याइतका चांगला मुहूर्त नाही. खात्याच्या शेऱ्यातल्या ‘महाबिलंदर, ॲडव्हान्सशिवाय माल नको’ अशा ओळीही काढाव्यात. त्या जागी ‘उधारीची मर्यादा : शून्य’ असा आकडा ठेवावा. अर्थ तोच पोचतो आणि ग्राहकानं स्वतःची माहिती मागितली तर तोंड लपवावं लागत नाही.

हलवण्याचा दिवस

दिवस निवडताना मार्चअखेर आणि दिवाळी टाळायची, हे सगळ्यांना कळतं. पंपवाल्यानं उन्हाळ्याच्या तोंडाशीही हात घालू नये. आधी शंभरेक नोंदींची तालीम करावी, आणि त्यात सरळ नोंदी न घेता वाकड्या घ्याव्यात : दोन भावांची खाती, निपाणीचा दुकानदार, तीन माणसांचा कारखाना, मराठीत नाव असलेली संस्था. प्रत्येक नव्या नोंदीत टॅलीतल्या खात्याचं जुनं नाव किंवा क्रमांक एका रकान्यात जपावा, म्हणजे वाद झाला तर माग काढता येतो. मुख्य हलवणीनंतर तीन बेरजा जुळवाव्यात : एकूण नोंदी, एकूण येणं आणि तालुकावार ग्राहक. पहिली जुळून तिसरी जुळत नसेल, तर पत्त्यांत घोळ आहे.

पण नोंदी जुळल्या म्हणजे काम फत्ते, असंही नाही. एप्रिल २०१८मध्ये ब्रिटनच्या टीएसबी बँकेनं सुमारे ५२ लाख ग्राहकांची खाती जुन्या यंत्रणेतून नव्या यंत्रणेत नेली. तिथल्या नियामकांच्या म्हणण्यानुसार माहिती ठीकठाक पोचली होती. नवी यंत्रणाच लगेच कोलमडली. १९ लाखांपर्यंत ग्राहकांना आपल्याच खात्यात शिरता येईना, मुख्याधिकारी पॉल पेस्टर यांना त्याच वर्षी पायउतार व्हावं लागलं आणि डिसेंबर २०२२मध्ये बँकेला ४ कोटी ८६ लाख ५० हजार पौंडांचा दंड झाला. आपल्या पेढीसाठी त्याचा अर्थ एवढाच : माहिती पोचल्यावर खऱ्या सोमवारी, खऱ्या गर्दीत, काउंटरवरच्या माणसाला पार्टीचं खातं झटक्यात उघडता येतं का, हेही तपासून घ्यावं. तोपर्यंत जुनी यादी, कोणालाही बदल करता येणार नाही अशी, हाताशी असू द्यावी.

खरी परीक्षा सहा महिन्यांनी होते. सॉफ्टवेअर विकणारे उत्साहानं चाळीस रकाने देतात आणि मालक तितक्याच उत्साहानं पंचवीस रकाने ‘भरलेच पाहिजेत’ असे करतात. काउंटरवर रांग लागलेली असते. ईमेल नाही असं सांगणाऱ्या शेतकऱ्यासमोर मुलगा काय करणार? काहीतरी खोटा ईमेल ठोकतो. जन्मतारीख १ जानेवारी, मोबाइल दहा वेळा नऊ, पिन सहा शून्यं. साफ केलेली यादी पुन्हा मळते ती आळसानं नव्हे, तर सक्तीनं.

म्हणून फाइल भरायला बसण्याआधी मालकानं एक बैठक घ्यावी. त्यात सर्वांत जुना सेल्समन हवा, वसुलीचे फोन करणारी ताई हवी, टॅली ऑपरेटर हवा आणि गोदामातून माल लावणारा माणूसही हवा. प्रत्येक रकान्यापुढे दोनच प्रश्न विचारावेत : हे कोण बघणार आणि बघून काय करणार? जाधवांचं खरं खातं कोणतं, याचं उत्तर त्या खोलीत पाच मिनिटांत मिळतं. बाहेरच्या कोणत्याही सल्लागाराकडे ते नसतं. आणि ज्या रकान्याकडे बघून उद्या सकाळी कोणीही फोन उचलणार नाही, तो रकाना त्याच बैठकीत काढून टाकावा.